दिव्य शस्त्रें आणि फांशांचा न्याय

एका मेजाभोंवतीं पांच माणसें बसलीं आहेत. मेजावर कागद, पेन्सिली आणि निरनिराळ्या पैलूंचे फांसे पडले आहेत. पांचांपैकीं चौघांनीं एकेका काल्पनिक वीराची भूमिका पत्करिली आहे. पांचवा पंच आहे. पंच प्रसंग सांगतो, चौघे आपापला वीर त्या प्रसंगीं काय करील तें बोलून दाखवितात, आणि जेथें यशापयशाचा संशय असेल तेथें फांसा टाकून निर्णय होतो. या खेळास इंग्रजींत 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. मराठींत त्यास भूमिकाखेळ म्हणावयास हरकत नाहीं. आतां अशी कल्पना करावी कीं, कथेंतील एका गुहेंत त्या चौघांपैकीं एकास आर्थर राजाची एक्सकॅलिबर ही तलवार सांपडली. दंतकथेप्रमाणें ती खरोखरच अजिंक्य असेल, तर उरलेल्या तिघांनीं त्या मेजाशीं बसून काय करावयाचें? आणि ती इतर तलवारींसारखीच असेल, तर तिला एक्सकॅलिबर तरी कां म्हणावयाचें?

प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. परंतु त्याच्या मागें दोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासास सेनानी, कादंबरीकार, हौशी तरुण व शस्त्रांचे अभ्यासक अशा अनेकांचे हात लागलेले आहेत. शस्त्राचें सामर्थ्य अंकानें मोजतां येतें काय, येत असल्यास तें किती धरावें, आणि विजयाचें श्रेय शस्त्रास द्यावें कीं तें धरणाऱ्या हातास, हे तीन प्रश्न या इतिहासांत पुनःपुन्हां उभे राहतात.

शस्त्रास अंक देण्याचा गंभीर प्रयत्न प्रथम सैनिकी मंडळींत झाला. बुद्धिबळाच्या पटावर शस्त्राला वजन नसतें. प्याद्यानें वजीर मारिला काय आणि वजिरानें प्यादें मारिलें काय, घाव सारखाच आणि निश्चित. १७८० सालीं ब्रन्सविक येथील हेल्विग यानें जो युद्धाचा खेळ रचला, तोहि या पटाचाच विस्तार होता. प्रशियांतील एक अधिकारी लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यानें १८१२ सालीं राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यास एक निराळा खेळ करून दाखविला. त्यांत बुद्धिबळाचा पट जाऊन टेकड्या, नद्या व रस्ते दाखविणारी भूमि आली होती. त्याचा पुत्र सैन्यांत अधिकारी होता. त्यानें १८२४ सालीं या खेळास नियमांचें पुस्तक दिलें, आणि 'क्रीग्सश्पील', म्हणजे युद्धक्रीडा, या नांवानें तो प्रशियाच्या सैन्यांत रूढ झाला.

या पुस्तकाचें वैशिष्ट्य असें कीं, बंदुकीच्या अगर तोफेच्या माऱ्यानें किती माणसें पडतील हें त्यांत केवळ तर्कानें ठरविलेलें नव्हतें. गोळीबाराच्या प्रत्यक्ष चाचण्यांच्या आधारें त्याचीं कोष्टकें केलेलीं होतीं. अंतर वाढलें कीं हानि कमी, आडोसा असला कीं आणखी कमी. तथापि कोष्टक सरासरी सांगतें, आणि प्रत्यक्ष लढाई सरासरीप्रमाणें चालत नाहीं; म्हणून फांसा आला. कोणत्या पक्षास शत्रूचें काय दिसतें आणि काय दिसत नाहीं हें ठरविण्यासाठीं दोन्ही पक्षांच्या वर एक पंच आला. कोष्टक, फांसा आणि पंच हीं तीन अंगें या जातीच्या खेळांत अद्यापि टिकून आहेत. प्रशियाचा सेनाध्यक्ष म्यूफ्लिंग यानें खेळ पाहून, हा खेळ नव्हे, ही युद्धाची शाळा आहे, अशा अर्थाचे उद्गार काढल्याची नोंद आहे.

पुढें कोष्टकांचा भार फार झाल्याची तक्रार होऊं लागली. १८७६ सालीं व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन सेनानीनें असें सुचविलें कीं, फांसे व कोष्टकें बाजूस ठेवून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोंपवावा. अंक श्रेष्ठ कीं विवेक श्रेष्ठ, हा वाद अशा रीतीनें सुरू झाला. आणि शंभर वर्षांनीं दिव्य शस्त्रांच्या निमित्तानें त्याचीच पुनरावृत्ति व्हावयाची होती.

युद्धक्रीडेची ही विद्या अमेरिकेंत पोंचविणाऱ्यांत चार्ल्स टॉटन हा सैनिकी अधिकारी होता. त्याचा 'स्ट्रॅटेगॉस' हा ग्रंथ १८८० सालचा. इंग्लंडांत एच. जी. वेल्स या कादंबरीकारानें १९१३ सालीं 'लिट्ल वॉर्स' हें पुस्तक लिहून शिशाच्या शिपायांचा खेळ घरच्या दिवाणखान्यांत आणून बसविला. सैन्याची विद्या याप्रमाणें हौशी माणसांच्या हातीं आली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांतील डेव्हिड वेस्ली या तरुणानें टॉटनच्या ग्रंथांतून सर्वाधिकारी पंचाची कल्पना उचलली, आणि १९६९ सालीं ब्राउनश्टाइन नांवाच्या एका काल्पनिक गांवाचा खेळ मांडला. त्यांत कित्येक खेळगड्यांनीं पलटणींऐवजीं एकेका माणसाची भूमिका घेतली. त्याच मंडळींतील डेव्हिड आर्नेसन यानें पुढें 'ब्लॅकमूर' नांवाचें अद्भुत राज्य कल्पून त्यांत वीर, राक्षस व मांत्रिक यांना जागा दिली. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यांत, लेक जिनीव्हा या गांवीं, गॅरी गायगॅक्स हा जेफ पेरेन याच्या साहाय्यानें मध्ययुगीन लढायांचे नियम लिहीत होता. ते १९७१ सालीं 'चेनमेल' या नांवानें प्रसिद्ध झाले.

'चेनमेल'मध्यें दोन वीरांच्या द्वंद्वासाठीं एक कोष्टक आहे. त्याच्या एका बाजूस शस्त्रें व दुसऱ्या बाजूस चिलखतें मांडलेलीं आहेत. दोन फांशांची बेरीज ठराविक अंकास पोंचली कीं प्रतिपक्षी पडला. येथवर सर्व प्रशियन परंपरेस धरून आहे. परंतु पुस्तकाच्या शेवटीं अद्भुत कथांतील प्राण्यांची व जादूच्या शस्त्रांची एक पुरवणी जोडलेली आहे, आणि तींत एक्सकॅलिबरचें नांव घेऊन असा नियम दिला आहे कीं, द्वंद्वांत असल्या तलवारीनें लढणाऱ्याच्या फांशांत एक मिळवावा. मॉनमथच्या जेफ्रीनें सुमारें ११३६ सालीं आपल्या लॅटिन ग्रंथांत जिचा गौरव केला, आणि पुढें आठशें वर्षें कवींनीं जिचे पोवाडे गाइले, त्या तलवारीच्या वाट्यास आला तो केवळ एक अंक!

हा कृपणपणा मात्र हिशेबी होता. दोन फांशांच्या छत्तीस शक्यता असतात. घाव लागण्यास बेरीज नऊ अगर अधिक यावी लागत असेल, तर त्यांपैकीं दहा शक्यता अनुकूल ठरतात. बेरजेंत एक मिळवितांच पंधरा अनुकूल होतात. म्हणजे एका अंकानें विजयाची संधि दीडपट झाली. कवीला अतिशयोक्ति परवडते, कारण त्याच्या काव्यांत वीर एकच असतो. खेळाच्या नियमांस ती परवडत नाहीं, कारण मेजाशीं बसलेला प्रत्येक जण आपल्या कथेपुरता नायक असतो.

१९७४ सालीं गायगॅक्स व आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तकांच्या रूपानें बाहेर पडला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार होत्या. पुढें या जातीच्या सर्व खेळांचा मूळपुरुष तोच ठरला. त्याच्या मूळ नियमांत खंजिराचा घाव असो वा दोन हातीं तलवारीचा, सहा पैलूंच्या एकाच फांशानें तो मोजावयाचा होता. शस्त्रपरत्वें निराळा फांसा ही सुधारणा १९७५ सालच्या 'ग्रेहॉक' या पुरवणीनें केली. त्याच पुरवणींत, लुईस कॅरल याच्या १८७१ सालच्या बालग्रंथांतील एका गमतीच्या कवितेंतून उचललेली, शत्रूचें शिर एका घावांत उडविणारी 'व्होर्पल' तलवारहि आली. मूळ पुस्तकांतील आणखी एक कल्पना मात्र याहून खोल होती. तेथें जादूच्या तलवारीस स्वतःची बुद्धि आणि स्वतःचा अहंकार असे. तिचा कल धर्माकडे, अधर्माकडे अगर मध्यस्थ असे. आणि धरणाऱ्याचें मन दुबळें असेल तर तलवारच त्यास चालवीत असे. मालक कोण आणि शस्त्र कोण, हा प्रश्न नियमांनींच उपस्थित केला होता.

परंतु माणसाचा लोभ नियमांच्या पुढें धांवतो. उदार पंचांनीं आपल्या मित्रांस दिव्य शस्त्रांची खैरात केली. वीर इतके बलाढ्य झाले कीं त्यांस राक्षस पुरेनात. मग त्यांनीं देवांवर हत्यार धरिलें. १९७६ सालीं निघालेल्या 'गॉड्स, डेमि-गॉड्स अँड हीरोज' या पुरवणींत ग्रीक व नॉर्स देवतांबरोबर भारतीय देवतांनाहि अंक दिलेले आहेत. तिच्या प्रस्तावनेंत संपादकानें असल्या अतिबलाढ्य वीरांचा उपहास करून, उधळ्या पंचांस ताळ्यावर आणण्याचा हा अखेरचा प्रयत्न आहे, असें स्पष्ट बजाविलें. अशा पंचास त्या मंडळींत 'मॉन्टी हॉल' म्हणत. अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर बक्षिसांची लूट करणाऱ्या एका लोकप्रिय कार्यक्रमाच्या सूत्रधाराचें तें नांव होतें.

या उधळपट्टींत नेमकें काय बिघडतें, हें थोड्या अंकगणितानें स्पष्ट होईल. या खेळांत प्रहारासाठीं वीस पैलूंचा फांसा टाकितात. एखाद्या शत्रूस घाव लागण्यास पंधरा अगर अधिक पडावे लागत असतील, तर वीसपैकीं सहा पैलू अनुकूल, म्हणजे शेंकडा तीस संधि. ज्याच्या हातीं तीन अंक मिळविणारी तलवार आहे, त्यास बारा पुरतात; त्याची संधि शेंकडा पंचेचाळीस होते. आतां शत्रु सहज मरतो म्हणून पंचानें शत्रूचें चिलखत तीन अंकांनीं बळकट केलें, तर दिव्य तलवारीचा धनी पुन्हां शेंकडा तिसांवर येतो, म्हणजे त्याला कांहींच लाभ उरत नाहीं. परंतु साधी तलवार धरणाऱ्या सोबत्यांस अठरा पडावे लागतात, आणि त्यांची संधि शेंकडा पंधरांवर उतरते. शस्त्र एकास दिलें, दंड मात्र तिघांस झाला. तिघांचा हिरमोड होतो, ते आपणांसहि तसेंच शस्त्र मागतात, पंच देतो, शत्रूचें चिलखत आणखी वाढतें, आणि शेवटीं सर्वांच्या हातीं एक्सकॅलिबर असूनहि सर्व पूर्वींच्याच जागीं उभे राहतात. फरक इतकाच कीं, आतां एक्सकॅलिबरचें कोणास कौतुक राहिलेलें नसतें.

या कोंडींतून सुटण्याचा मार्ग प्राचीन कथाकारांनीं दाखवून ठेविला होता. थोर काव्यांतील दिव्य शस्त्रें लक्षपूर्वक पाहिलीं तर असें आढळतें कीं, त्यांतील कितीतरी शस्त्रांबरोबर एखादी अट, एखादें मोल किंवा एखादा शाप येतो. मॅलरीचा आर्थरविषयींचा ग्रंथ कॅक्स्टन यानें १४८५ सालीं छापिला. त्यांत मर्लिन हा राजास विचारतो, तलवार अधिक आवडते कीं म्यान? राजा तलवार म्हणतो, आणि मर्लिन त्याला वेड्यांत काढतो. कारण तें म्यान दहा तलवारींच्या तोलाचें आहे, तें कमरेस असेपर्यंत राजाचें रक्त सांडावयाचें नाहीं. पुढें बहिणीच्या कपटानें म्यान जातें, आणि उरते ती नुसती तलवार. आइसलंडच्या हेर्व्होर सागेंतील तिर्फिंग ही तलवार घडविणाऱ्या खुजांनीं तिला शाप दिलेला असतो: ती म्यानांतून निघाली कीं एका मनुष्याचा बळी घेतल्यावांचून राहावयाची नाहीं.

महाभारत तर या बाबतींत सर्वांहून परखड आहे. कर्णास इंद्राची अमोघ शक्ति मिळते, पण कवचकुंडलांच्या मोबदल्यांत, आणि तीहि एकदांच वापरण्यापुरती. अर्जुनासाठीं राखून ठेविलेली ती शक्ति रात्रीच्या युद्धांत घटोत्कचावर खर्चावी लागते, आणि तो दैत्यदेही वीर पडला असतां श्रीकृष्णास आनंद होतो. कारण त्यास हिशेब कळलेला असतो. त्याच कर्णास ब्रह्मास्त्र नेमक्या वेळीं आठवणार नाहीं असा परशुरामाचा शाप आहे. अश्वत्थाम्यास अस्त्र सोडतां येतें, आवरतां येत नाहीं. आणि ज्या गांडीवाच्या टणत्कारानें कौरवसेना कांपत असे, तेंच गांडीव श्रीकृष्णाच्या निर्याणानंतर अर्जुनास मोठ्या कष्टानें वांकवावें लागतें, अस्त्रें स्मरत नाहींत, आणि काठ्या घेतलेले आभीर त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रियांना हिरावून नेतात. शस्त्र तेंच, बाहु तेच. प्रसंग सरला होता. व्यासांनीं अंक दिले नाहींत, परंतु तोल मात्र असा राखिला कीं कोणत्याहि कोष्टकास तो साधणें कठीण.

नियमकारहि अखेरीस याच वाटेस लागले. गायगॅक्स व ब्रायन ब्लूम यांनीं १९७६ सालीं लिहिलेल्या 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुरवणींत महान शस्त्रांचा व वस्तूंचा एक स्वतंत्र वर्ग केला. त्या वर्गांतील वस्तूंस जशा वरदायी शक्ति, तशा घातक शक्तीहि दिल्या. जो त्या वापरील त्यानें दोन्ही भोगाव्या. १९७९ सालच्या पंचांच्या मार्गदर्शक ग्रंथांत गायगॅक्स यानें आणखी एक युक्ति योजिली: या वस्तूंच्या वर्णनापुढें शक्तींच्या जागा कोऱ्या सोडून त्या प्रत्येक पंचानें आपल्या हातानें भराव्या, असें ठरविलें. ग्रंथ वाचलेल्या खेळगड्यासहि आपल्या हातीं काय पडलें आहे तें कळूं नये, हा हेतु. अंकाचा व विवेकाचा जुना प्रशियन वाद येथें अशा प्रकारें मिटविलेला दिसतो: सामान्य शस्त्रांचा न्याय कोष्टकानें करावा, दिव्य शस्त्रांचा पंचाच्या विवेकानें. याच ग्रंथाच्या वाचनयादींत मायकेल मूरकॉक या इंग्रज लेखकाचें नांव आहे. त्याच्या एल्रिक नांवाच्या नायकाची तलवार शत्रूंचे आत्मे पिऊन धन्यास बळ देते, आणि शेवटीं धन्यासच पिऊन टाकते. कर्जानें घेतलेल्या बळाचें व्याज किती होतें, याचा याहून स्पष्ट हिशेब क्वचितच कोणी मांडला असेल.

येथवर काव्यांतील शस्त्रांचा विचार झाला; परंतु कित्येक कीर्तिमान शस्त्रें इतिहासांतील आहेत, आणि तेथें तोलाचा प्रश्न निराळें रूप घेतो. मध्ययुगीन तलवारी अवजड होत्या, बलदंड पुरुषासच त्या उचलत, असा समज फार दिवस रूढ होता. संग्रहालयांतील तलवारी वजन करून पाहिल्या असतां तो टिकत नाहीं: एकहाती तलवार बहुधा एक ते सव्वा किलोची भरते, आणि लढाईंतील दोन हातीं मोठ्या तलवारीहि साधारणतः दोन ते साडेतीन किलोंच्या आंतच राहतात. स्कॉटलंडचा वीर विल्यम वॉलेस याची म्हणून स्टर्लिंग येथें ठेविलेली तलवार १६३ सेंटिमीटर लांब व सुमारें २·७ किलो वजनाची आहे. परंतु वॉलेसचा वध १३०५ सालचा, आणि तलवारीचें आजचें स्वरूप त्या काळानंतरचें आहे, असें जाणकारांचें मत आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांतील, शार्लमेनची म्हणून मानिलेली आणि फ्रेंच राजांच्या राज्याभिषेकांत मिरविलेली जॉयूझ ही तलवार निरनिराळ्या शतकांत घडविलेल्या भागांची जोडणी आहे. कीर्ति एका तलवारीस चिकटते, पोलाद दुसऱ्या तलवारीचें असतें. खेळाच्या नियमांनीं अंक द्यावयाचा तो यांपैकीं कशास?

जपानी तलवारीचा अनुभव या दृष्टीनें उद्बोधक आहे. मासामुनेसारख्या थोर कारागिरांची कीर्ति आणि चित्रपटांतील सामुराई यांच्यामुळें 'कटाना' ही जगांतील सर्वश्रेष्ठ तलवार, अशी भावना पाश्चात्य तरुणांत पसरली. १९८५ सालीं याच खेळाची पौर्वात्य देशांवरील पुरवणी निघाली, तेव्हां तींत कटानाचा घाव युरोपीय लांब तलवारीहून भारी धरण्यांत आला. परंतु शस्त्र आपल्या देशांतील चिलखताशीं, धातूशीं व युद्धरीतीशीं जुळवून घडलेलें असतें. एकाच्या कौशल्यानें दुसऱ्याचें कौशल्य उणें ठरत नाहीं. २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीनें पंचांस असा सल्ला दिला कीं, कटानास लांब तलवारीचेच अंक द्यावे व केवळ नांव बदलावें. एकोणतीस वर्षांत कटानाचें पोलाद बदललें नव्हतें; नियमकारांची भक्ति ओसरून समज वाढली होती.

या संदर्भांत महाराष्ट्रांतील एका शस्त्राचें स्मरण होणें साहजिक आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाच्या भेटीच्या प्रसंगीं शिवछत्रपतींच्या हातीं वाघनखें होतीं, ही हकीकत घरोघरीं ठाऊक आहे. साताऱ्याचा रेसिडेंट व मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत गेलेलीं वाघनखें जुलै २०२४ मध्यें ठराविक मुदतीच्या बोलीनें साताऱ्याच्या संग्रहालयांत प्रदर्शनार्थ आणण्यांत आलीं. तीं त्या दिवशींचींच काय, याची निश्चिति करतां येत नाहीं, असें लंडनच्या संग्रहालयानेंच नमूद केलें आहे. तरीहि त्यांच्या दर्शनास गर्दी लोटली. आतां हेंच शस्त्र कोणत्याहि खेळाच्या कोष्टकांत घालून पाहावें. मुठींत मावणारें, वीतभर अंतरापलीकडे निरुपयोगी, चिलखतावर जवळजवळ व्यर्थ: त्यास खंजिराइतकाहि अंक मिळणें कठीण. मग त्या दिवशीं जय कशाचा झाला? अंगरख्याखालच्या चिलखताचा, भेटीची जागा आपण ठरविण्याचा, झाडींत सिद्ध ठेविलेल्या सैन्याचा, आणि शत्रूच्या मनांतील कपट आधीं ओळखण्याचा. त्या वाघनखांस शत्रूचा नाश करणारा मोठा अंक देणें म्हणजे त्यांचा गौरव करणें नव्हे. ज्या बुद्धीनें तीं योग्य क्षणीं योजिलीं, तिचें श्रेय पोलादास देणें होय. दिव्य शस्त्रास भरमसाट अंक देण्यांत मेजावरील सोबत्यांवर जसा अन्याय होतो, तसाच तो इतिहासांतील माणसांवरहि होतो.

ही जाणीव ठेवून कांहीं नियमकारांनीं निराळे मार्ग चोखाळले. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें १९६६ सालीं मध्ययुगीन जीवनाची हौशी उजळणी करणारी एक संस्था निघाली. तिच्या लुटुपुटीच्या लढायांत प्रत्यक्ष ढालतलवार खेळलेल्या स्टीव्ह पेरिन यानें सोबत्यांसह १९७८ सालीं 'रूनक्वेस्ट' हा खेळ लिहिला. त्यांत वीराचें कौशल्य अभ्यासानें वाढतें, शस्त्राची लांबी कामास येते, शस्त्र मोडतेंहि, आणि कोणाहि दुबळ्याचा एक नेमका घाव थोर वीराचा पाय निकामी करूं शकतो. ग्रेग स्टॅफर्ड यानें १९८५ सालीं आर्थरच्या कथांवर रचलेल्या 'पेंड्रॅगन' या खेळांत तलवारीपेक्षां सरदाराच्या स्वभावास अंक दिले: दया, शौर्य, निष्ठा, गर्व. या बाजूनें पाहतां थोर शस्त्र ही थोर माणसाच्या चरित्राची खूण ठरते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या आवृत्तीनें जादूच्या सामान्य तलवारींची बेरीज तीन अंकांवर थांबविली, आणि ज्या वस्तूंशीं वीराचें मन जुळवावें लागतें अशा वस्तु एका वीरानें तीनांहून अधिक बाळगूं नयेत, असा निर्बंध घातला. अशा रीतीनें पहिल्या पुस्तकांतील एका अंकाच्या कृपणपणाकडे नियम चाळीस वर्षांनीं बरेचसे परत आले.

आतां पुन्हां त्या मेजाकडे वळावें. चौघांपैकीं एकास एक्सकॅलिबर सांपडली आहे, आणि तिघांचे चेहरे उतरले आहेत. पंच सुज्ञ असेल तर त्यानें फांशाचे अंक वाढवूं नयेत कीं घटवूं नयेत. त्यानें मॅलरीचें म्यान आठवावें. तलवार एकाच्या हातीं आणि म्यान दुसऱ्याच्या कमरेस असेल, तर एकास मारण्याचें बळ व दुसऱ्यास जगण्याचें बळ मिळतें, आणि दोघांनीं एकमेकांच्या पाठीशीं उभें राहिल्यावांचून त्यांतील कोणतेंच पुरें पडत नाहीं. तिसऱ्यास ती तलवार पूर्वीं कोणाच्या हातीं होती व ती त्यास कां सोडून गेली हें ज्ञान असावें. चौथ्यास तिच्याविषयीं संशय असावा. इतकें झालें म्हणजे चौघांसहि बोलण्यासारखें कांहीं उरतें, आणि फांसा टाकण्यापूर्वींच मेजावर खेळ रंगूं लागतो.